अकरा विरुद्ध बावन्न : बाबासाहेबांच्या ठरावाचा विसरलेला अर्धा भाग

१४ एप्रिल जवळ आला की मोबाईलवर एक पोस्टर फिरू लागते. बाबासाहेबांचा फोटो आणि खाली अशा अर्थाचा मजकूर की बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून जास्त मूल जन्माला घालायला एकही पुरुष तयार झाला नसता. आपण ते पोस्टर पुढे पाठवतो आणि विसरतो. हे विचार कुठल्या सभागृहात, कुठल्या ठरावावर मांडले गेले आणि त्या ठरावाचे पुढे काय झाले, असे विचारले तर बहुतेक कार्यकर्ते गप्प बसतात.

तारीख होती १० नोव्हेंबर १९३८. जागा, मुंबई विधानसभा. ठराव स्वतंत्र मजूर पक्षाचा. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले आणि सभागृहात मांडले ते पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी. ठरावात सरकारकडे दोन मागण्या होत्या. एक, जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा. दोन, संततिनियमन करता यावे यासाठी सरकारने पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात. मतदान झाले. बाजूने ११, विरोधात ५२. ठराव पडला.

पोस्टरवर कळांचे वाक्य येते, कारण ते टाळ्या घेणारे आहे. पण त्याच भाषणातला त्याहून मोठा मुद्दा पोस्टरवर येत नाही. तो असा की कोणत्याही कारणाने स्त्रीला मूल नको असेल, तर तिला गर्भधारणा टाळता आली पाहिजे, आणि मूल होऊ द्यायचे की नाही हे सर्वस्वी तिच्या इच्छेवर अवलंबून असले पाहिजे. ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द लक्षात ठेवा. इच्छा बाईची आणि सोय सरकारची, अशी ही जोडी आहे. गेल्या दीडशे वर्षांत या देशातल्या सत्तेने ही जोडी सतत तोडली, आणि ती तोडण्याची सर्वांत मोठी किंमत आपल्या आया-बहिणींनी मोजली. या लेखात तो इतिहास मांडायचा आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. १९३८ चा ठराव संततिनियमनाचा होता, गर्भपाताचा नव्हता. बाबासाहेबांच्या तोंडी त्यांनी न उच्चारलेले शब्द घालण्याचा उद्योग आपल्याला करायचा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे : बाईच्या शरीराबद्दलचा शेवटचा निर्णय कोणाचा?

जात जगते कशावर?

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या भीमरावांनी जातीवर निबंध वाचला. त्यांचा सिद्धांत सोपा होता. जात म्हणजे जातीबाहेर लग्न न करण्याचा बंदोबस्त. हा बंदोबस्त टिकवायचा तर जातीतल्या ‘जास्तीच्या’ बाईचे काय करायचे, हा प्रश्न येतो. त्यातून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथा आल्या. म्हणजे जातीचे कुंपण बाईच्या गर्भाशयाभोवती घातलेले आहे. हे ज्याला कळले, त्याला गर्भपाताचा प्रश्न ‘बायकांचा खाजगी प्रश्न’ वाटणार नाही.

हे कुंपण महात्मा फुले आणि सावित्रीमाईंनी आधीच ओळखले होते. इंग्रजांची दंड संहिता १८६० ची, अंमल १८६२ पासून. तिच्या कलम ३१२ ने गर्भ पाडणे हा गुन्हा ठरवला. अपवाद एकच, बाईचा जीव वाचवण्यासाठी केले असेल तर. स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी बाईही त्यात गुन्हेगार. कलम ३१८ नुसार मृत अर्भक गुपचूप पुरून जन्म लपवणे हाही गुन्हा. आता त्या काळच्या पुण्यातली ब्राह्मण विधवा डोळ्यांसमोर आणा. लहानपणी लग्न, लहानपणीच वैधव्य, पुनर्विवाहाला धर्माची बंदी, घरातल्याच पुरुषाकडून अत्याचार, आणि दिवस गेले की पुढे विहीर किंवा तुरुंग. धर्माने तिला कोंडले आणि कायद्याने त्या कोंडवाड्याला बाहेरून कुलूप लावले. तिला त्या अवस्थेत आणणारा पुरुष मात्र धर्माच्याही हिशेबात नाही, कायद्याच्याही नाही.

एका ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि त्यानंतर १८६३ मध्ये जोतिराव-सावित्रीमाईंनी आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी इथे यावे, गुप्तपणे आणि सुरक्षित बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, ते तिच्या मर्जीवर. १८८४ मध्ये मलबारींच्या टिपणांवर मत देताना जोतिरावांनीच आकडा दिला आहे : तोपर्यंत ३५ गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या आणि त्यांची ५ मुले जिवंत होती. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत पुढे त्यांनी दत्तक घेतला. ज्या जातीने त्यांच्यावर शेणगोळे फेकले, त्या जातीच्या बायकांची बाळंतपणे त्यांनी केली. उपदेश नाही, चौकशी नाही, ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न नाही. पुरेशा सोयी म्हणतात त्या ह्याच.

पण कुंपणाची दुसरी बाजूही आहे. २९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावहून सावित्रीमाईंनी जोतिरावांना लिहिलेले पत्र वाचा. पंचांग सांगत फिरणारा गणेश हा ब्राह्मण तरुण आणि सारजा ही महार मुलगी यांचे प्रेम जुळले. सारजा सहा महिन्यांची गरोदर होती. गावकरी दोघांनाही ठार मारायला निघाले. सावित्रीमाई मध्ये पडल्या, इंग्रजांच्या कायद्याचा धाक घातला आणि दोघांना जोतिरावांकडे रवाना केले. विधवेचा गर्भ जातीची अब्रू घालवतो, तर सारजाचा गर्भ जातीची उतरंडच मोडतो. दोन्हीकडे शिक्षा गर्भाला आणि बाईला.

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे ती शिक्षा कमी झाली, पण वर्तमानपत्रे बाईजातीलाच झोडपत होती. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून सरळ विचारले की पुरुषाचा गुन्हा कुठे गेला? त्यांच्यावर टीका झाली तेव्हा पाठीशी उभे राहिले ते जोतिराव. हा आपला वारसा आहे.

तीन दिवसांचे अंतर

बाबासाहेबांची १९३८ ची भूमिका अचानक आलेली नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले. मालकांच्या बाजूचे म्हणत होते, हा बोजा आम्ही का उचलायचा? बाबासाहेबांनी उत्तर दिले की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून मुख्य भार सरकारने घ्यावा, पण तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही सुटता येणार नाही. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

१९३४ मध्ये ते र. धों. कर्वे यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्वे १९२१ पासून मुंबईत संततिनियमनाचे केंद्र चालवत होते, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होते. त्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. बाबासाहेबांचा युक्तिवाद असा होता की लैंगिक विषयावर लिहिलेले सगळेच अश्लील ठरत नाही, आणि लोक शंका विचारत असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. तरी एका चित्पावन ब्राह्मणाच्या लेखणीसाठी, ज्या विषयाचे नाव काढायला पुढारी घाबरत होते त्या विषयावर, बाबासाहेब कोर्टात उभे राहिले, ही नोंद इतिहासात आहे.

याच काळात देशाचे सर्वांत मोठे नेतृत्व काय म्हणत होते? डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधनांना विरोध केला आणि उपाय सांगितला तो ब्रह्मचर्याचा, संयमाचा. दिवसभर कांडप करून रात्री दारू प्यायलेल्या नवऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाईला ब्रह्मचर्याचा उपयोग काय? संयमाची चावी नवऱ्याच्या हातात असते आणि पोट तिचे वाढते.

आता तारखा पाहा. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मुंबईत संप केला. गोळीबार झाला. त्यानंतर तीनच दिवसांनी, १० तारखेला, त्याच पक्षाने विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. संपाचा हक्क आणि गर्भ नाकारण्याचा हक्क एकाच आठवड्यात, एकाच पक्षाकडून. ‘आधी रोजीरोटीचे प्रश्न, मग बायकांचे’ असे म्हणणाऱ्यांनी ही दोन पाने शेजारी ठेवून वाचावीत.

त्या भाषणात लोकसंख्या, दारिद्र्य, रोगराई हे त्या काळचे युक्तिवादही आहेत, ते लपवायचे कारण नाही. पण निर्णयाचा अधिकार बाबासाहेबांनी सरकारला दिला नाही, डॉक्टरला दिला नाही, नवऱ्याला दिला नाही. तो बाईला दिला.

१९७१ : हक्क नव्हे, सवलत

स्वातंत्र्यानंतर बेकायदा गर्भपातांत बायका मरत होत्या. १९६४ मध्ये महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६६ मध्ये आला, आणि १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. या कायद्याने असंख्य जीव वाचवले, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याची रचना बारकाईने पाहा.

कायद्याच्या हेतूंमध्ये तीन कारणे दिली होती : स्त्रीचे आरोग्य, मानवतेची भूमिका आणि सुप्रजननशास्त्र. ‘चांगली प्रजा’ पैदा करण्याची ही भाषा कोणाची, ते आपल्याला सांगायला नको. बाईचा हक्क हे कारण त्यात नव्हते. १२ आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, २० पर्यंत दोघांचे. साधन फसल्यामुळे दिवस गेले हे कारण चालेल, पण फक्त विवाहितेला, आणि तेही मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी वापरलेले साधन असेल तर. कलम ३१२ जसेच्या तसे राहिले. आज ते भारतीय न्याय संहितेत कलम ८८ म्हणून बसले आहे. म्हणजे आजही गर्भपात हा मुळात गुन्हा, आणि डॉक्टरने सही दिली तर त्यातून सूट.

२०२१ च्या दुरुस्तीने मर्यादा वाढवली : २० आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर, काही ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी २४ पर्यंत दोन. ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ जाऊन ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही २४ आठवड्यांपर्यंतचा लाभ दिला. ही पावले पुढची आहेत. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये, दोन मुलांची आई असलेली एक विवाहिता २६ आठवड्यांची गरोदर असताना, बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे कारण घेऊन त्याच न्यायालयात गेली, तेव्हा परवानगी नाकारली गेली. बाबासाहेबांच्या ‘कोणत्याही कारणाने’पासून आपण अजून किती लांब आहोत, हे यावरून मोजता येते. आजही बाईला कारण दाखवावे लागते आणि ते पुरेसे आहे की नाही, हे दुसरा कोणी ठरवतो.

सोय मागितली, सक्ती मिळाली

१९३८ च्या ठरावातील ‘सोयी’ सरकारने नंतर दिल्या, पण ‘इच्छा’ काढून घेऊन. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर करणारे विधिमंडळ महाराष्ट्राचेच होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते थांबले. आणीबाणीनंतर पुरुष चिडतात, मते जातात, हे राज्यकर्त्यांच्या लक्षात आले आणि चाकू बाईकडे वळला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत नसबंदी केलेल्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के.

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांचे ऑपरेशन उरकले गेले. त्या शिबिरांनंतर १३ जणी दगावल्या. त्या कोण होत्या? गरीब दलित, आदिवासी, मागासवर्गीय बायका. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असा आदेश द्यावा लागला.

महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनांपेक्षा जास्त मुले झाली तर ग्रामपंचायतीचे सदस्यत्व जाते. ७३ व्या घटनादुरुस्तीने राखीव जागेवर पहिल्यांदाच दलित-आदिवासी बाई निवडून आली, आणि तिसरे मूल झाले की ती घरी. मूल किती हे ठरवण्याचा अधिकार तिला घरात कधी मिळालाच नव्हता, पण त्याची शिक्षा मात्र तिला मिळते.

आणि बीड. ऊसतोडीला जोडपे ‘कोयता’ म्हणून जाते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक खाडा पडला तरी दंड भरावा लागतो. पाळीत सुट्टी नाही, फडात मोरी नाही, दवाखाना नाही. पोटात दुखते म्हणून बाई खाजगी दवाखान्यात गेली की सल्ला मिळतो, पिशवी काढून टाक. २०१९ मध्ये नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली आढळली, त्यातल्या अनेकींची चाळिशीच्या आत. दलित, भटक्या-विमुक्त, वंजारी अशा कष्टकरी जातींच्या या बायका.

एकीकडे गर्भ नको म्हणणाऱ्या बाईला कागद, सह्या, वाट पाहणे. दुसरीकडे पिशवीच काढायला कोणाला दोन डॉक्टरांचे मत लागत नाही. यात विसंगती नाही. दोन्हीकडे एकच नियम चालतो : निर्णय तिचा नाही.

आपल्यातले आक्षेप

पहिला आक्षेप : हे शहरातल्या उच्चवर्णीय स्त्रीवाद्यांचे खूळ आहे. उलट आहे. पैसेवाली बाई कुठल्याही खाजगी दवाखान्यात गुपचूप मोकळी होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, गोळ्या नाहीत, जिल्ह्याला जाण्यात दिवसाची मजुरी जाते आणि तिथे ‘नवऱ्याला घेऊन या’ म्हणतात, हा अनुभव वस्तीतल्या बाईचा आहे. सज्ञान बाईच्या गर्भपाताला कायद्याने फक्त तिची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही, हे तिला कोणी सांगितले आहे का?

दुसरा आक्षेप : मग मुलींचे गर्भ पाडले जातील. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला, तो योग्यच आहे. पण गर्भलिंगनिदान गुन्हा आहे, कायद्याच्या चौकटीतला गर्भपात गुन्हा नाही. हा फरक ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या शब्दाने पुसून टाकला. ‘हत्या’ म्हटले की गर्भपात करणारी प्रत्येक बाई खुनी ठरते, औषधवाला गोळ्या ठेवायला घाबरतो आणि अत्याचार झालेली मुलगी दारोदार फिरते. मुलगी नको असण्याचे मूळ वंशाचा दिवा, हुंडा आणि जमिनीच्या वारशात आहे. घाव तिथे घाला. आपल्या भाषणांतून आणि बॅनरवरून ‘गर्भलिंगनिवड’ हा शब्द वापरा.

तिसरा आक्षेप : आपली संख्या कमी होईल, संख्या हीच ताकद. ही भाषा आपली नव्हे. हिंदूंनी चार मुले जन्माला घालावीत असे सांगणाऱ्या साधू-साध्वींची ती भाषा आहे. बाईचे पोट हा मतदार यादीचा कारखाना नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो स्त्रियांना लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, असे बजावले होते.

चौथा आक्षेप धम्माचा : प्राणिहिंसा न करण्याचे शील मोडत नाही का? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ उघडा. बाबासाहेबांनी तिथे अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, असे सांगितले आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते. बाबासाहेबांनी त्या ठिकाणी गर्भपाताची चर्चा केलेली नाही. पण विचार करण्याचे ते स्वातंत्र्य बाईला नाकारायचे आणि तिच्यावर शीलाचा दंडुका उगारायचा, हे बुद्धाच्या नावाने करता येणार नाही.

मग करायचे काय?

आपल्या गावच्या आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गर्भपाताची सेवा आहे का, डॉक्टर प्रशिक्षित आहे का, गोळ्या आहेत का, याची माहिती अधिकारात विचारणा करा. नवऱ्याची सही मागितली तर लेखी मागा आणि वरिष्ठांकडे तक्रार करा. वस्तीतल्या आशाताईंना आणि महिला मंडळांना कायद्याची माहिती द्या. नसबंदीची वेळ आली तर आधी आपण पुढे व्हा, त्या ०.३ टक्क्याची लाज पुरुष कार्यकर्त्यांनी घालवायची आहे. आणि पुढच्या १० नोव्हेंबरला आपल्या बुद्धविहारात ते अख्खे भाषण वाचा, बायकांना पुढे बसवून नव्हे, त्यांच्या हाती माईक देऊन.

१९३८ मध्ये ५२ जणांनी हात वर करून ठराव पाडला. त्या ११ जणांचे वारस आपण आहोत असे म्हणायचे असेल, तर ठराव पोस्टरवरून उतरवून दवाखान्याच्या दारापर्यंत न्यावा लागेल.

जयभीम! जय सावित्री!